‘वेगळं, पण सारखं’ म्हणजे काय? अमेरिकेतला वर्णभेद, शाळकरी मुलांच्या नजरेतून

अमेरिकेच्या संसद भवनात प्रत्येक राज्याला दोन पुतळे ठेवता येतात. व्हर्जिनिया राज्याचा एक पुतळा जॉर्ज वॉशिंग्टन यांचा. दुसरा १९०९ पासून जनरल रॉबर्ट ली यांचा होता. गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचे हे सेनापती. २०२० साली तो पुतळा तिथून हलवला गेला आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्या जागी एका सोळा वर्षांच्या मुलीचा पुतळा आला. तिचं नाव बार्बरा जॉन्स. १९५१ साली तिनं आपल्या शाळेत संप घडवून आणला होता.

शाळेतल्या संपासाठी थेट संसदेत पुतळा? आणि गुलामगिरी तर लिंकनच्या काळातच संपली होती ना, मग १९५१ साली ही मुलं कशासाठी भांडत होती? प्रश्न रास्त आहेत. शाळेत आपण अमेरिकेचा जो इतिहास शिकतो तो लिंकनपाशी थांबतो आणि एकदम मार्टिन ल्युथर किंग यांच्यापाशी सुरू होतो. मधली नव्वद-शंभर वर्षं गायब.

गुलामगिरी गेली, मग उरलं काय?

१८६५ मध्ये घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी कायद्यानं बंद झाली. १८६८ मध्ये आणखी एक दुरुस्ती झाली. तिच्यानुसार कायद्याचं संरक्षण सगळ्यांना समान मिळालं पाहिजे. पुढची काही वर्षं केंद्राचं सैन्य दक्षिणेत तळ देऊन होतं. तेवढ्या काळात काळे पुरुष मतदान करू लागले, निवडूनही आले. १८७७ मध्ये सैन्याचा पहारा उठला. सत्ता पुन्हा जुन्याच लोकांच्या हाती गेली आणि त्यांनी नवे कायदे करायला घेतले. रेल्वेचे डबे वेगळे, शाळा वेगळ्या, दवाखाने वेगळे, पाण्याचे नळ वेगळे, दफनभूमीसुद्धा वेगळी.

वंश पाहून माणसांना असं वेगवेगळं ठेवण्याला सेग्रिगेशन म्हणतात. दक्षिणेतलं सेग्रिगेशन हा नुसता रिवाज नव्हता, तो लेखी कायदा होता. चुकीच्या बाकावर बसलं की पोलीस येत.

या कायद्यांना आव्हान दिलं गेलंच. १८९२ मध्ये न्यू ऑर्लिन्सचे होमर प्लेसी ठरवून गोऱ्यांच्या डब्यात बसले आणि अटक करवून घेतली. त्यांच्या आठ पणजी-पणजोबांपैकी सात गोरे होते. दिसायला ते गोरेच. तरी कायद्याच्या लेखी ते काळे. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध एक मतानं त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. सोयी सारख्या असतील तर वेगळे डबे ठेवण्यात समतेचा भंग होत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. हेच ते ‘वेगळं, पण सारखं’. पुढची अठ्ठावन्न वर्षं अमेरिकेतल्या कोट्यवधी मुलांचं बालपण या सूत्राखाली गेलं.

सोय सारखी असेल, तर बिघडलं कुठे?

हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. म्हणून आपल्याच स्वयंपाकघरात डोकावू. कामाला येणाऱ्या मावशींना चहा दिला जातो. तोच चहा, तेवढीच साखर, तेवढंच दूध. फक्त त्यांचा कप वेगळा. तो सिंकच्या खाली किंवा खिडकीच्या कठड्यावर पालथा ठेवलेला. चहात काडीचाही फरक नाही, मग मावशींना त्यातून काय कळतं? जे कळायचं ते कळतंच, आणि घरातल्या पाच वर्षांच्या पोरालाही कळतं, कारण तो कप चुकून दुसऱ्या कपांत मिसळला की आई कशी दचकते हे ते रोज पाहत असतं.

प्लेसी खटल्याचा निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींनी नेमकं हेच नाकारलं होतं. वेगळेपणात काळ्या लोकांना कमीपणा वाटत असेल, तर तो त्यांनी स्वतःच लावून घेतलेला अर्थ आहे, अशा आशयाचं त्यांनी लिहून ठेवलं आहे.

आणि हे झालं सोयी खरोखर सारख्या असतील तर. प्रत्यक्षात ‘सारखं’ हा भाग कागदावरच राहिला. साउथ कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन काउंटीत (काउंटी म्हणजे ढोबळमानानं आपला तालुका-जिल्हा) १९४९-५० च्या सुमारास एका गोऱ्या मुलामागे शाळेवर वर्षाला १७९ डॉलर खर्च होत होते, काळ्या मुलामागे ४३. गोऱ्या मुलांसाठी तीस शाळाबस होत्या, काळ्यांसाठी एकही नव्हती. तिथल्या पालकांनी वर्गणी काढून एक जुनी बस घेतली आणि शाळा खात्याकडे फक्त इंधनाचे पैसे मागितले. तेही मिळाले नाहीत. त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात ज्यांचं नाव पहिलं होतं ते हॅरी ब्रिग्ज पेट्रोल पंपावर कामाला होते. त्यांची नोकरी गेली. त्यांच्या पत्नी एका मोटेलमध्ये मोलकरीण होत्या, त्यांचीही गेली. सुरुवात झाली होती ती एका बसपासून.

फार्मव्हिलचा संप

आता बार्बराकडे येऊ. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत फार्मव्हिल नावाचं गाव आहे. तिथलं काळ्या मुलांचं मोटन हायस्कूल बांधलं गेलं तेव्हा १८० मुलांची सोय होती. १९५१ पर्यंत मुलं झाली साडेचारशेच्या वर. काउंटीनं उपाय काय काढला, तर आवारात लाकडी खोपटी ठोकली आणि त्यांना डांबरी कागद लावला. पावसात छत गळायचं आणि मुलं वर्गात छत्र्या उघडून बसायची. थंडीत एकच शेगडी. तिच्याजवळ बसणारा भाजून निघायचा आणि कोपऱ्यातला कोट घालून कुडकुडायचा. गावातल्या गोऱ्यांच्या शाळेत व्यायामशाळा होती, प्रयोगशाळा होती, जेवणाचं दालन होतं.

२३ एप्रिल १९५१. मुख्याध्यापकांना फोन गेला, तुमची काही मुलं गावात अडचणीत सापडली आहेत. ते घाईनं निघाले. इकडे सगळ्या वर्गांत चिठ्ठ्या फिरल्या, सभागृहात जमा. पडदा उघडला तर व्यासपीठावर मुख्याध्यापक नाहीतच, बार्बरा उभी! तिनं शिक्षकांना बाहेर जायची विनंती केली आणि मुलांना सांगितलं, चांगली इमारत मिळेपर्यंत वर्गात बसायचं नाही. संप दोन आठवडे चालला. मुख्याध्यापकांना मुद्दाम लांब पाठवण्यातलं मुलांचं शहाणपण बघा. संपाचं खापर त्यांच्यावर फुटू नये, हा हेतू. तरी पुढे त्यांची नोकरी गेलीच.

मुलांनी मागितली होती फक्त नवी शाळा, आणि तीही काळ्यांसाठीची वेगळीच. त्यांनी मदत मागितली ती एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या वकिलांकडे. वकिलांनी सांगितलं, चांगल्या वेगळ्या शाळेसाठी आम्ही आता भांडत नाही. वेगळेपणाच मोडायचा असेल तर तुमच्यासोबत येतो. मुलं आणि पालक तयार झाले. ११७ विद्यार्थ्यांच्या वतीनं खटला दाखल झाला. पुढे काउंटीनं काय केलं? १९५३ मध्ये काळ्या मुलांना खरंच नवीकोरी शाळा बांधून दिली. म्हणजे इतकी वर्षं नसलेला पैसा अचानक निघाला, तो वेगळेपणा वाचवण्यासाठी.

बार्बरा ती शाळा पाहायला तिथे नव्हती. संपानंतर धमक्या आल्या, तेव्हा घरच्यांनी तिला अलाबामातल्या मोन्टगमरीला काकांकडे पाठवून दिलं. पुढे ती ग्रंथपाल झाली, संसार केला आणि १९९१ मध्ये वारली. हयातीत तिचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

पण इतक्या लहान मुलांना यातलं काय कळतं?

सोळा वर्षांच्या मुलीचं ठीक आहे, सहा वर्षांच्या पोराला कसला आलाय वंश, असं वाटणं साहजिक आहे. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं १९४० च्या सुमारास हेच तपासलं. तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांपुढे त्यांनी बाहुल्या ठेवल्या. सगळ्या हुबेहूब सारख्या, फक्त काही गोऱ्या आणि काही सावळ्या. चांगली बाहुली कोणती? वाईट कोणती? खेळायला कोणती घेशील? बहुतेक मुलांनी चांगली म्हणून गोरी उचलली आणि बऱ्याच जणांनी वाईट म्हणून सावळी दाखवली. मग शेवटचा प्रश्न: तुझ्यासारखी कोणती दिसते? इथे काही मुलं रडू लागली, काही खोलीतून निघून गेली.

या प्रयोगावर आक्षेपही घेतले गेले, आणि त्यांत तथ्य आहे. उत्तरेकडच्या मिश्र शाळांतल्या काळ्या मुलांनीही गोरीच बाहुली निवडली होती. तेव्हा दोष एकट्या वेगळ्या शाळांचा, असं यातून सिद्ध होत नाही. माझ्या मते तो प्रयोग शाळेपेक्षा मोठी गोष्ट सांगतो: शाळेचं तोंड पाहण्याआधीच मुलांना आपली समाजातली पायरी कळलेली असते. डॉ. किंग यांच्या थोरल्या मुलीनं टीव्हीवर ‘फनटाउन’ या मनोरंजन उद्यानाची जाहिरात पाहिली आणि तिथे जायचा हट्ट धरला. तिथे काळ्या मुलांना प्रवेश नव्हता. हजारोंच्या सभा जिंकणाऱ्या त्या वक्त्याला सहा वर्षांच्या पोरीपुढे शब्द सापडेनात.

टोपेकाची ‘चांगली’ शाळा

बार्बराच्या शाळेचा खटला आणि क्लॅरेंडनचा बसवाला खटला, हे आणखी तीन खटल्यांसोबत सर्वोच्च न्यायालयात एकत्र ऐकले गेले. नाव मात्र गाजलं पाचव्याचं, कॅन्सस राज्यातल्या टोपेका शहराच्या ब्राऊन खटल्याचं. तिसरीतल्या लिंडा ब्राऊनच्या घरापासून गोऱ्यांची शाळा सात चौक दूर होती. तिला मात्र रेल्वेचे रूळ ओलांडून चालत जायचं, मग बस पकडायची आणि लांबच्या मन्रो शाळेत पोचायचं.

गंमत अशी की मन्रो शाळा वाईट नव्हती. इमारत बरी, शिक्षक चांगले. आणि म्हणूनच हा खटला मोलाचा ठरला. सोयी जवळपास सारख्या आहेत हे मान्य केल्यावर न्यायालयापुढे एकच प्रश्न उरला: वेगळं ठेवणं हेच मुळात विषम आहे का? १७ मे १९५४ रोजी नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं उत्तर दिलं, आहे. केवळ वंशावरून मुलांना समवयस्कांपासून तोडलं की समाजातल्या आपल्या स्थानाविषयी त्यांच्या मनात न्यूनगंड रुजतो आणि तो कदाचित कधीच भरून निघत नाही, असं निकालात म्हटलं आहे. काळ्यांच्या बाजूनं लढणाऱ्या वकिलांचे प्रमुख होते थर्गुड मार्शल. १९६७ मध्ये त्याच न्यायालयाचे ते पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले.

निकाल लागला, म्हणजे झालं?

नाही. पुढच्या वर्षी अंमलबजावणीचा आदेश देताना न्यायालयानं कालमर्यादा घातलीच नाही. ‘योग्य त्या तत्परतेनं’ करा, अशा अर्थाचे शब्द वापरले. सरकारी कामात तत्परतेचा अर्थ काय होतो, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहरात १९५७ मध्ये नऊ काळी मुलं गोऱ्यांच्या हायस्कुलात जाणार होती. गव्हर्नरनं त्यांना अडवायला शाळेभोवती राज्याचं सशस्त्र दल उभं केलं. सकाळी सगळ्यांनी एकत्र जायचं ठरलं होतं, पण पंधरा वर्षांच्या एलिझाबेथ एकफर्डच्या घरी फोन नव्हता. तिला निरोप मिळालाच नाही. पहिल्या दिवसासाठी शिवलेला नवा झगा घालून ती एकटीच पोचली आणि ओरडणाऱ्या जमावातून बसथांब्यापर्यंत एकटीच परतली. शेवटी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लष्कराच्या छत्रीधारी तुकडीचे सैनिक पाठवले, तेव्हा कुठे ती मुलं वर्गात पोचली.

न्यू ऑर्लिन्समध्ये १४ नोव्हेंबर १९६० रोजी सहा वर्षांची रुबी ब्रिजेस चार केंद्रीय मार्शलांच्या पहाऱ्यात गोऱ्यांच्या शाळेत गेली. बाहेरचा गोंगाट, फेकाफेक पाहून तिला वाटलं, मार्डी ग्रा चाललाय. हा तिच्या शहरातला मोठा उत्सव, आपल्याकडच्या मिरवणुकांसारखा. गोऱ्या पालकांनी आपापली मुलं काढून नेली. वर्षभर रुबी वर्गात एकटी आणि तिला शिकवायला बोस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्री या बाई. जमावातली एक बाई रोज विष घालायची धमकी द्यायची, म्हणून रुबीनं घरचाच डबा खायचा असा नियम झाला. एकटीला घास उतरेना, तेव्हा ती सँडविच कपाटात लपवू लागली. हा सगळा प्रकार आपल्या रंगापायी आहे हे रुबीला कुठल्या भाषणातून कळलं नाही. बऱ्याच महिन्यांनी भेटलेल्या एका गोऱ्या मुलानं सरळ सांगितलं की आई तुझ्याशी खेळू नको म्हणते, आणि कारणही सांगितलं. तो रागावलेला नव्हता, आईनं सांगितलेलं तेवढं तिला सांगत होता.

आणि बार्बरा जॉन्सचं प्रिन्स एडवर्ड? तिथल्या अधिकाऱ्यांनी १९५९ मध्ये काउंटीतल्या सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लावलं. काळी-गोरी मुलं एकत्र बसवण्यापेक्षा शाळाच नको! गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा उघडली. दीड हजाराहून जास्त काळी मुलं वाऱ्यावर. काहींना दूरच्या नातेवाइकांकडे पाठवलं, काही तंबाखूच्या शेतात राबायला लागली. कुलूप निघालं ते १९६४ मध्ये, पुन्हा सर्वोच्च न्यायालयाच्याच आदेशानं. जी पोरं मधल्या वर्षांत वाढली, त्यांतली अनेक शाळेत परतलीच नाहीत. २००४ मध्ये व्हर्जिनिया राज्यानं त्यांच्यासाठी शिष्यवृत्ती सुरू केली. तोवर ती माणसं पन्नाशीत पोचली होती.

मोठ्यांच्या लढाईत मुलांना पुढे का केलं?

हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला, आणि तो विरोधकांनीच घेतला असं नाही. मे १९६३ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅमचं सेग्रिगेशनविरोधी आंदोलन थंडावलं होतं. मोठी माणसं मोर्चात दिसली की दुसऱ्या दिवशी कामावरून काढली जायची. जेम्स बेव्हल या कार्यकर्त्यानं शाळकरी मुलांना उतरवायचं ठरवलं. मुलांना जायला नोकरी नव्हती, फेडायला घराचे हप्ते नव्हते. २ मे रोजी मुलं चर्चमधून रांगेनं बाहेर पडत राहिली आणि पोलीस त्यांना गाड्यांत कोंबत राहिले. दुसऱ्या दिवशी अग्निशमनाचे पाण्याचे फवारे आणि कुत्रे सोडले. तुरुंग भरले, तेव्हा जत्रेच्या मैदानात मुलांना डांबलं. केंद्रीय कायदामंत्र्यांच्या पदावरचे रॉबर्ट केनेडी नाराज झाले, काळ्यांचे जहाल नेते माल्कम एक्स यांनीही टीका केली.

मला दोन्ही बाजू पटतात. लेकराला कुत्र्यांपुढे उभं करणं कुठल्याही आईबापाला झेपणारं नाही. पण मुलं त्याआधी सुरक्षित होती कुठे? त्याच सप्टेंबरमध्ये त्याच चर्चमध्ये बॉम्ब फुटला आणि चार मुली गेल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकराची. त्या मोर्च्यात नव्हत्या, रविवारच्या प्रार्थनेला आल्या होत्या. मुलांच्या अंगावर सोडलेल्या फवाऱ्यांची छायाचित्रं जगभर गेली. जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी नागरी हक्कांच्या कायद्याची घोषणा केली आणि २ जुलै १९६४ रोजी तो मंजूर होऊन हॉटेलं, दुकानं, नोकऱ्या यांतला भेदभाव बेकायदा ठरला.

आपल्याकडे हे होतंच की

होतं, आणि अमेरिकेच्या गोष्टीत महाराष्ट्र उगाच ओढून आणलेला नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. साताऱ्याच्या शाळेत छोट्या भीमरावाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागे आणि शिपायानं वरून ओतलं तरच पाणी मिळे. शिपाई नसला की तहान मारायची. १९४६ मध्ये याच बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या दुःखातलं साम्य दाखवलं.

एक तपशील मात्र आपल्याला अभिमान वाटावा असा. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्येच कोल्हापूर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. ब्राऊन निकालाच्या पस्तीस वर्षं आधी. तोही कागदावरून वर्गात उतरायला वेळ लागलाच.

आता तर ते सगळं संपलं ना?

कायदा संपला. पण अमेरिकेत मूल कोणत्या शाळेत जाणार हे बहुतेक ठिकाणी त्याच्या घराच्या पत्त्यावर ठरतं, आणि शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक घरपट्टीतून येतो. काळ्यांच्या वस्त्या १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर लाल रंगानं ‘धोकादायक’ म्हणून दाखवल्या होत्या. तिथे घरासाठी कर्ज मिळणं दुरापास्त झालं. घरांना भाव नाही म्हणून घरपट्टी कमी, म्हणून शाळेला पैसा कमी. डेट्रॉइटच्या मुलांना गोऱ्या उपनगरांतल्या शाळांशी जोडायची योजना १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळली. उपनगरांनी मुद्दाम भेदभाव केल्याचं सिद्ध झालेलं नाही, हे कारण. विरोधी मत नोंदवणाऱ्यांत थर्गुड मार्शल होते.

न्यू जर्सीत घर शोधणारं मराठी कुटुंब सर्वांत आधी विचारतं, स्कूल डिस्ट्रिक्टचं रेटिंग किती? त्यात चूक काही नाही, मुलाचं भलं कोण पाहत नाही? मात्र ज्या गावात राहता त्याच गावच्या शाळेत मूल घालायचं, या तिथल्या नियमाविरुद्धच २०१८ मध्ये दावा दाखल झाला. या नियमामुळे राज्यातल्या शाळा पुन्हा रंगानुसार वाटल्या गेल्या आहेत, असं दावा करणाऱ्यांचं म्हणणं. २०२३ मध्ये न्यायाधीशांनी अनेक ठिकाणी असं झाल्याचं मान्य केलं, पण संपूर्ण राज्याची व्यवस्था घटनाबाह्य आहे हे सिद्ध झालं असं मानलं नाही.